तिसऱ्या भागातली बायको

१२ जानेवारी

बारक्या,

फोनवर आई मध्येच बोलायला लागते आणि मूळ गोष्ट राहून जाते, म्हणून लिहितेय. हसणार नसशील तर सांगते. तुझे भावजी सिनेमा लिहितायत.

खरंच. शाळेतून आले की चहा घेतात आणि मागच्या खोलीचं दार लावून बसतात. आधी मला वाटलं, भूगोलाचे पेपर तपासतायत. मग वाटलं, पाठ दुखतेय आणि मला सांगायचं नाहीये. शेवटी परवा जेवताना मीच विचारलं, "आत कुणाला लपवलंय का?" तर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. म्हणाले, "पटकथा आहे. प्रेमकथा." बारक्या, हा माणूस लग्नाआधी मला पत्रं लिहायचा त्यात पर्जन्यमान असायचं!

मला वाचू देत नाहीत. म्हणतात, पूर्ण झाली की पहिली तू. पण तू सिनेमा कंपनीत बसून लोकांच्या पटकथांची चिरफाड करतोस, हे त्यांना माहीत आहे, आणि तुला विचारायचंही आहे. धाकट्या मेहुण्यासमोर हात पसरायला लाज वाटते, म्हणून मी मध्ये पडतेय. पाठवतो म्हणाले, तर वाचशील ना? वाईट असेल तर जरा सांभाळून सांग. गेली दोन-तीन वर्षं ते इतके गप्प झाले होते की मी घरात स्वतःशीच बोलायला लागले होते. आता पहिल्यांदाच चेहऱ्यावर काहीतरी दिसतंय. ते विझवू नकोस.

माझं ठीक. लॅबमध्ये कवळ्यांची रीघ लागलीय. सगळ्या गावाचे दात एकदम पडले की काय, देव जाणे.

तुझी ताई


३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

वाचली. एका बैठकीत. मग परत पहिल्यापासून वाचली. तुला खरं सांगू? माझ्या टेबलावर वर्षभरात जे येतं त्यातलं बहुतेक मी पंधराव्या पानावर मिटतो. ही मिटली नाही. भावजींच्या आत हे कुठे दडलं होतं?

गोष्ट अशी. एका नदीवर पूल बांधायला इंजिनीयर येतो. तिथे एक बाई होडी चालवते, लोकांना या काठावरून त्या काठावर नेते. पूल झाला की तिचं पोट गेलं. ती त्याच्याशी भांडायला येते आणि मग व्हायचं ते होतं. गाठ पहिल्याच भागात घट्ट बसलीय: तो जितकं चांगलं काम करेल तितकं तिचं नुकसान. दुसऱ्या भागात तो मुद्दाम काम लांबवायला लागतो. मध्यंतर तिथेच. प्रेमकथेला असा खांब मिळायला नशीब लागतं.

घोळ एकच आहे, बायकोचा. इंजिनीयरचं लग्न झालेलं आहे. बायको घरी असते, खेळण्यांच्या कारखान्यासाठी बाहुल्यांचे डोळे रंगवते. आणि ती चांगली आहे. ताई, बायको चांगली असेल तर प्रेक्षक नायकाला माफ करत नाही. ती वाईट असून चालणार नाही, ते स्वस्त होतं. पण तिच्यात असं काहीतरी हवं की माणसाला तिच्यापासून उठून जावंसं वाटेल. आत्ता ती नुसती जेवण वाढते.

आणि तो घर सोडतो त्या सीनमध्ये आरडाओरडा आहे, भांडी फुटतात. ते मी काढायला सांगितलंय. भांडण झालं की प्रेक्षक बायकोच्या बाजूला जाऊन बसतो. सकाळी, चहाच्या वेळी, शांतपणे सांगून निघावं.

हे सगळं मी त्यांनाही लिहिलंय, गोड शब्दांत. काळजी करू नकोस.

तुझा
बारक्या


२१ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी भावजींनी शीळ घालत दाढी केली. तुला मोठ्ठं बक्षीस द्यायला हवं.

मला गोष्ट कळली हे त्यांना सांगू नकोस हं. पण आवडली. होडीवाली आवडली. बायकोचं तू म्हणतोस ते मला पटलं नाही, पण मग विचार केला, दोष हवा असेल तर माझ्याकडे ढीग पडलाय, घेऊन जा! माझ्या हातांना दिवसभर ऍक्रेलिकचा वास येतो, साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. भावजी म्हणत नाहीत, पण झोपताना भिंतीकडे तोंड करतात. कुणी हसलं की मी आधी दात बघते, मग माणूस. आणि ते एखादं वाक्य बोलायला लागले की मी ते पुरं करून टाकते, कारण मला शेवट माहीत असतो. अशा बाईबरोबर राहून बघ म्हणावं तुमच्या इंजिनीयरला.

एक चांगलं झालं. डॉक्टरांनी पाठीसाठी पोहायला सांगितलं, तर चक्क जायला लागलेत. रोज संध्याकाळी, त्या बंदिस्त तलावावर. ज्याने आयुष्यात गुडघ्यावर पाणी पाहिलं नाही तो! घरात आता दोन वास: माझा ऍक्रेलिकचा, त्यांचा क्लोरिनचा. मी त्यांचे टॉवेल वेगळे भिजवते.

आईला गोळ्या वेळेवर दे. ती घेतल्या म्हणते आणि उशीखाली ठेवते.

तुझी ताई


२९ मार्च

प्रिय ताई,

दुसरा खर्डा आला. बायको उभीच्या उभी जिवंत झालीय! तिच्या हातांना टर्पेंटाइनचा वास येतो, नवऱ्याचं वाक्य ती पुरं करते. तू पाठवलेले दोष मी त्यांना, माझेच म्हणून, सुचवले होते. रागावलीस तर सांग. त्यांनी इतके चपखल बसवलेत की मला हेवा वाटला.

एक नवा सीनही आहे, आधी नव्हता. होडीवाली इंजिनीयरला पोहायला शिकवते. उथळ पाण्यात त्याला उताणा झोपवते, पाठीखाली तळहात धरते आणि म्हणते, "श्वास सोडा. मी धरलंय." मग हळूच हात काढून घेते आणि तो तरंगत राहतो, त्याला कळतही नाही. बस, एवढंच. सगळ्या सिनेमात याहून चांगलं काही नाही. मी फोन करून विचारलं, हे कुठून आणलंत? म्हणाले, सुचलं.

ते पोहायला जातात म्हणालीस. तिथे शिकवतं कोण?

तुझा
बारक्या


६ एप्रिल

बारक्या,

तू कधीपासून नणदेसारख्या चौकश्या करायला लागलास? एक बाई आहे. माझ्याहून बरीच लहान. मी पाहिलेली नाही, पण भावजी सांगतात, फार कडक आहे, गळ्यात शिट्टी घालून काठावरून ओरडते. एवढ्या मोठ्या बाप्याला पाठीखाली हात धरून तरंगायला शिकवलं म्हणे! मी ऐकून इतकी हसले की हातातलं मेण सांडलं. म्हणजे तुमच्या त्या सीनचं मूळ सापडलं बघ. सुचलं कसलं, तलावात मिळालं.

त्यांची पाठ खरंच बरी आहे. आणि माझ्याशी इतके नीट वागतात. परवा माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा न सांगता शिवून आणला. सिनेमा माणसाला सुधारतो असं तू म्हणायचास, तेव्हा मी तुला वेड्यात काढायचे.

पत्राला उत्तर लवकर दे. यावेळी वाट बघायला लावू नकोस.

तुझी ताई


३० एप्रिल

प्रिय ताई,

उशीर झाला. कामाचा डोंगर आहे. पण कारण चांगलं आहे: कंपनीने पटकथा घेतली. साहेबांनी वाचली आणि मला बोलावून म्हणाले, हा मास्तर नवखा आहे, तू त्याच्याबरोबर बसून हिला आकार दे. म्हणजे पडद्यावर माझंही नाव येणार, ताई. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टींवर शेरे मारले, आता कुठे एक माझी म्हणता येईल.

भावजी वाचायला देतील तेव्हाच वाच. आत्ता कच्चं आहे, तुझा विरस होईल.

तिसरा भाग काही केल्या सुटत नाही. नायक घर सोडतो आणि बायको गोष्टीतून नाहीशीच होते. दोघी बायका समोरासमोर यायलाच हव्यात, नाहीतर गोष्टीला तळ नाही. पण भेटून करतील काय? भांडल्या तर तमाशा, रडल्या तर रडगाणं. मी आणि भावजी रोज फोनवर डोकं फोडतो.

तुझी तब्येत सांभाळ. लॅबमध्ये फार उशिरापर्यंत थांबू नकोस. संध्याकाळी घरी असत जा.

तुझा
बारक्या


११ जून

बारक्या,

ते गेले.

रविवारी सकाळी मी चहा ओतत होते. म्हणाले, बस जरा. मी बसले. म्हणाले, "तुझं काहीच चुकलं नाही. चुकलं असतं तर मी राहिलो असतो." मला वाटलं, सिनेमातलं काहीतरी वाचून दाखवतायत. मी म्हटलंही, "छान आहे, पण पुढे?" पुढे काही नव्हतं. बॅग आदल्या दिवशीच भरलेली होती, पलंगाखाली. ती पोहायला शिकवणारी. दोघांनी घर बघून ठेवलंय.

ना आवाज चढला, ना काही फुटलं. मी भांडले असते रे, मला भांडता येतं. पण ते इतक्या शांतपणे बोलत होते की मला वाटलं, मीच काही वाकडं बोलले तर मीच वाईट ठरेन. दारापर्यंत सोडायला गेले. छत्री राहिली होती ती आठवण करून दिली.

आईला तू सांग. माझ्याच्याने होणार नाही.

ताई


१८ जून

प्रिय ताई,

काय लिहू. पत्र वाचून मी सुन्न झालो. भावजी असं काही करतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आई दिवसभर देवासमोर बसून होती, आता जरा सावरलीय. तू इकडे ये. निदान थोडे दिवस.

तू विचारशील म्हणून आधीच सांगतो: सिनेमाचं काम थांबवणं माझ्या हातात नाही. करार झालेला आहे. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलतो.

मनात काही ठेवू नकोस. जे वाटेल ते मला लिही. माझ्याशिवाय तुझं आहे कोण?

तुझा
बारक्या


४ जुलै

बारक्या,

येत नाही. इथे काम आहे, आणि तिथे आई माझ्याकडे बघत बसेल ते मला सोसणार नाही.

लिही म्हणालास म्हणून लिहिते. हे आईला सांगायचं नाही. कुणालाच नाही. मी स्वतःलाही सांगायला तयार नव्हते.

काल मी तलावावर गेले. ठरवून नाही, लॅबमधून निघाले आणि पाय तिकडे वळले. तिकीट काढलं. आत ओलसर ऊब होती आणि सगळा आवाज घुमत होता. दाराशी बसलेला माणूस म्हणाला, चपला काढा. मी चपला हातात घेऊन बाकावर बसले, अंगावर लॅबचा कोट तसाच, बाहीला प्लॅस्टर. ती, गळ्यात शिट्टी, उथळ बाजूला लहान मुलींना शिकवत होती. मग बाहेर आली आणि मी तिकडे एकटीच बघत बसलेली दिसले, म्हणून सरळ माझ्याकडे आली. मला ओळखत नाही ती. तिला वाटलं, शिकायला आलेय. म्हणाली, "पाण्याची भीती वाटते का?"

मी म्हटलं, "हो."

म्हणाली, "सगळ्यांना वाटते. मी धरते. सोडायची वेळ आली की आधी सांगते."

मी तिचे दात बघितले, सवयीने. वरचा एक जरासा पुढे आहे, हसली की ओठावर येतो. मी तिच्यात खोट शोधायला गेले होते बहुतेक. म्हटलं, "दात छान आहेत तुमचे." ती लाजली रे. मी तिचे आभार मानले. आभार! आणि चपला हातात तशाच घेऊन रस्त्यावर आले, कोपऱ्यावर पोचल्यावर पायाला खडी टोचली तेव्हा कळलं.

आज लॅबमध्ये एकाही साच्याला हात लावला नाही. मावशी, म्हणजे आमच्याकडे प्लॅस्टर कालवणाऱ्या बाई, म्हणाल्या ताप आलाय का. हो म्हटलं.

हे लिहून जरा मोकळं वाटतंय. तू आहेस म्हणून.

तुझी ताई


२७ जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. काय धीराची आहेस तू. मी कितीदा वाचलं ते सांगत नाही.

फार लिहीत नाही, इथे धावपळ आहे. तिसरा भाग सुटला एकदाचा. पुढच्या महिन्यात चित्रीकरण सुरू होईल.

जेवत जा वेळेवर. आई आशीर्वाद सांगते.

तुझा
बारक्या


९ मार्च

बारक्या,

मधल्या महिन्यांत तू दिवाणखान्यातल्या पाहुण्यासारखी पत्रं लिहिलीस: हवा कशी, आई कशी, मी कशी. मला वाटलं, माझ्या दुःखाने तू अवघडलायस. मी तुझी कीव करत होते.

काल सिनेमा पाहिला. दुपारचा खेळ, मावशींना सोबत घेऊन. तूच मला शिकवलंस गोष्ट कशी उलगडून बघायची, तर आता माझी चिरफाड वाच. चुकलं तर समासात शेरा मार.

पहिला भाग चोख आहे. पूल, नदी, होडी. लोक लगेच आत ओढले जातात. बायको पडद्यावर आली की टर्पेंटाइनच्या वासावरून विनोद होतो आणि नवरा भिंतीकडे वळतो. थिएटर हसलं. मावशीही हसल्या. तो वास मी तुला गमतीत दिला होता, बारक्या, आपल्या दोघांतला म्हणून.

मध्यावर तो तरंगण्याचा सीन. खरंच सुंदर आहे. आणि तो बघताना मला तुझं गेल्या मार्चमधलं पत्र आठवलं: "तिथे शिकवतं कोण?" मी तुझी टर उडवली होती. तुला तेव्हाच कळलं होतं. त्यानंतरच्या पत्रात तू म्हणालास, वाचू नकोस, कच्चं आहे. म्हणालास, संध्याकाळी घरी असत जा. तुला कळलेलं होतं आणि मी इकडे त्याचे टॉवेल दोनदा धूत होते, त्याला वास येऊ नये म्हणून. जूनमध्ये तू सुन्न झालास. स्वप्नातही वाटलं नव्हतं म्हणालास.

मग निघून जायचा सीन. सकाळ. चहा. "तुझं काहीच चुकलं नाही. चुकलं असतं तर मी राहिलो असतो." मी खुर्चीचा हात धरून ठेवला. मला एवढंच सांग: हे वाक्य आधी कुठे आलं? माझ्या टेबलावर, की तुमच्या कागदावर?

आणि तिसरा भाग. बायको होडीत येऊन बसते. होडीवाली तिला ओळखत नाही. "पाण्याची भीती वाटते का?" "हो." "सगळ्यांना वाटते. मी धरते." चपला हातात. मग बायको तिच्याकडे बघते आणि म्हणते, "डोळे छान आहेत तुमचे." दातांचे डोळे केलेत, तेवढं काम केलंस. माझ्या शेजारची बाई हुंदके देत होती. तिने माझ्याकडे रुमाल मागितला, मी दिला.

मी तलावावर गेले होते हे त्याला ठाऊक नाही. तिला ठाऊक नाही. मावशींना मी ताप सांगितला. जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं आणि त्याला मी लिहिलं होतं, कुणालाच सांगायचं नाही.

शेवटी पटकथेखाली दोन नावं आली, त्याचं आणि तुझं, एकाखाली एक. छान दिसतात.

बाहेर पडल्यावर मावशी म्हणाल्या, "शेवटी ती दोघं एकत्र आली, बरं वाटलं गं. नाहीतर जन्मभर कुढत बसली असती तिघंही." याच मावशींनी तो गेला तेव्हा त्याला इतक्या शिव्या दिल्या होत्या की मला त्यांना आवरावं लागलं होतं. आता त्यांनी त्याला माफ केलं. म्हणजे तुझं काम फत्ते झालं.

रचनेत दोष एकच. बायको पलीकडच्या काठावर उतरते. होडी परत फिरते आणि कॅमेराही होडीबरोबर परत फिरतो. ती तिथे उभी आहे. तिला घरी कसं जायचं, कुणालाच पडलेलं नाही.

तो मला सोडून गेला, कारण त्याचं माझ्यावरचं प्रेम संपलं. ते मला एक वेळ समजतं. तुझं तर संपलं नव्हतं. तू "जे वाटेल ते मला लिही" म्हणालास आणि मी लिहीत गेले.

ताई


२० मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र घेऊन आठवडाभर फिरतोय. मला बोलू दे.

मला नक्की काहीच ठाऊक नव्हतं. संशय आला होता, एवढंच. संशयावरून काय सांगायचं होतं तुला? उद्या खोटं निघालं असतं तर मीच तुझं घर मोडलं असतं. म्हणून गप्प बसलो. तुझ्यासाठीच.

ते वाक्य आधी कागदावर आलं. मे महिन्यात. मी लिहिलं. भावजींना ऐकवलं तर त्यांनी मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं, मग म्हणाले, "हे बरोबर आहे." ते घरी जाऊन म्हणतील हे मला काय माहीत?

आणि होडीतला सीन. ताई, तो चोरला असं म्हणू नकोस. त्या सीनआधी बायको नुसती अडगळ होती. त्यानंतर तीच सिनेमा होऊन गेली. लोक तिच्यासाठी रडतात. आईसुद्धा तिच्यासाठीच रडली. मी तुला मान दिलाय, हे तुला दिसत नाही का? भावजींना सीन कुठून आला ते मी आजवर सांगितलेलं नाही. तेवढा विश्वास मी राखला.

तू म्हणतेस तो दोष मात्र खरा आहे. साहेबांनाही सगळे तेच विचारतायत: ती बाई पुढे कुठे गेली? त्यांनी परवा मला बोलावलं. दुसरा सिनेमा करायचाय, फक्त तिचा. ती पलीकडच्या काठावर उभी आहे, तिथून सुरुवात. यात भावजी नाहीत, मी एकटा. हा तुझ्या बाजूने असेल, ताई. सगळ्याचं उट्टं निघेल.

तू फक्त मला सांग, त्यानंतर काय झालं? म्हणजे तू काय केलंस, कशी सावरलीस, कुणी भेटलं का. साधं साधंच लिही, पूर्वीसारखं. बाकी मी बघतो.

तुझा
बारक्या


२ एप्रिल

बारक्या,

घर मोडू नये म्हणून गप्प बसलास. घर मोडलं. पटकथा तेवढी शाबूत राहिली.

संशय होता म्हणतोस. संशय असलेला भाऊ आगगाडीत बसून येतो. माझ्यासमोर बसतो, चहा पितो, आणि म्हणतो, ताई, एकदा त्या तलावावर जाऊन बघ. मी तुझ्यावर ओरडले असते, हाकलूनही दिलं असतं. मग जाऊन बघितलं असतं. निदान त्या रविवारी "छान आहे, पण पुढे?" असं तरी विचारलं नसतं. तू आला नाहीस. तू वाक्य लिहीत होतास.

मान दिलास म्हणतोस. मान द्यायचा होता तर आधी विचारायचं होतंस. मी कदाचित हो म्हटलं असतं. तुझ्यासाठी मी कशाला नाही म्हटलंय? लहानपणापासून आठवून बघ. पण विचारलं असतंस तर तुला सांगावं लागलं असतं, तुला कधीपासून माहीत आहे ते.

पुढे काय झालं विचारतोस. पुष्कळ झालं. एक गोष्ट तर गेल्याच आठवड्यात झाली, लॅबमध्ये, इतकी मजेशीर की मी पोट धरून हसले आणि संध्याकाळी कागद घेऊन बसलेही. "बारक्या, ऐक" इथपर्यंत लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. आता अशा गोष्टी मी मावशींना सांगते. त्या अर्ध्या ऐकतात, मध्येच प्लॅस्टरला पाणी घालायला उठतात, आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातात. मला तेच बरं वाटतं.

सिनेमा काढ. तुला कोण अडवणार? ती बाई कुठे गेली ते तुझ्या मनाने लिही.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन अठरा तारखेला आहे, तिने फोन केला होता. मी सोळाला येईन. आणायला येऊ नकोस, मी माझी येईन. मी आईच्या खोलीत झोपेन. आठवडाभर राहावं लागेल, तिला औषधाचे थेंब घालायला कुणीतरी हवं.

तिच्यासमोर आपण पूर्वीसारखंच बोलू. थट्टा करू, भांडू, तू माझ्या पानातलं उचलून खा. तिला काही कळता कामा नये. तुला ते जमतं.

ताई